औषधांचं सॉफ्टवेअर बदलताना जुनी यादी सोबत नेऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातली एक होम केअर एजन्सी, दीडशेच्या आसपास रुग्ण. बरेचसे धंतोली, रामदासपेठ, मनीषनगर, त्रिमूर्तीनगर भागातले, काही कामठी आणि हिंगण्याकडचे. सध्याचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालतं. सिस्टर आणि अटेंडंट घरी कागदी चार्ट भरतात, ड्यूटी संपताना त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि ऑफिसमधून तो दुसऱ्या दिवशी चढवला जातो. आता कंपनीने कळवलंय की जुनी आवृत्ती बंद होणार, मोबाइलवर चालणारी नवी घ्या. विचारणाऱ्यांना तीन गोष्टी हव्यात: त्याच कंपनीचं नवं घ्यावं की दुसरं, जुना डेटा कसा न्यावा, आणि या सगळ्या घोळात कुणाची गोळी चुकू नये म्हणून काय करावं.

सुरुवात डेटापासून करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं आणि सगळ्यात कमी लक्षही तिथेच असतं.

रुग्णाचं नाव, पत्ता, वय, अ‍ॅलर्जी, डॉक्टरांचे नंबर, बिलाचा हिशेब, हे खुशाल फाइलमधून न्या. चालू औषधांची यादी मात्र नेऊ नका. कंपनीचा माणूस म्हणेल, "मॅडम, एका क्लिकमध्ये सगळं येऊन जाईल." येईलही. पण तुमच्या कॉम्प्युटरमधली यादी म्हणजे डिस्चार्जच्या दिवशी कुणीतरी फाइलवरून उतरवलेली यादी. त्यानंतर ओपीडीच्या दोन फेऱ्या झाल्या, मेडिकलवाल्याने एक ब्रँड नाही म्हणून दुसरा दिला, मुलाने पुण्याहून फोनवर विचारून एक गोळी बंद केली. हे कागदी चार्टवर कधी आलं, कधी नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती यादी चुकीची असली तरी तिच्याकडे बघून कुणी गोळी देत नव्हतं, अटेंडंट घरातल्या डब्याकडे बघत होती. नव्या अ‍ॅपमध्ये मोबाइल वाजणार आणि स्क्रीनवर जे दिसेल ते दिलं जाणार. म्हणजे आजवर निरुपद्रवी असलेली चूक उद्यापासून थेट रुग्णाच्या तोंडात जाणार.

म्हणून प्रत्येक घरी जाऊन यादी नव्याने करायची. दोन अनुभवी सिस्टर, रोज प्रत्येकी पाच घरं, असं धरलं तर दीडशे घरं पंधरा कामाच्या दिवसांत होतात. मालकांना हा खर्च जड वाटतो, पण सगळ्या प्रकल्पात हाच पैसा पूर्ण वसूल होतो असं माझं मत आहे.

ही भेट कशी घ्यायची ते नीट सांगते. औषधांचा डबा टेबलावर पूर्ण रिकामा करायचा. मग फ्रिजचं दार, उशीखालची पिशवी, देवघराजवळचा चूर्णाचा डबा, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीच्या बाटल्या, सगळं एका जागी आणायचं. नाव खोक्यावरून लिहायचं नाही, स्ट्रिपवरून लिहायचं. खोकं एकाचं आणि आत स्ट्रिप दुसऱ्याची, हे नेहमीचं आहे. मेडिकलवाला स्ट्रिप कापून देतो तेव्हा एक्स्पायरीची तारीख बहुधा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते, म्हणून तारीख नसलेली स्ट्रिप वेगळी काढायची. मग तीन ढीग करायचे: चालू, बंद आणि शंका. शंकेच्या ढिगासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना यादीचा फोटो पाठवायचा आणि लेखी होकार आल्यावरच ते औषध अ‍ॅपमध्ये चढवायचं. फोनवरचं "हो हो, चालू द्या" पुरेसं धरू नका. बंद ढीग घरच्यांसमोर पिशवीत बांधून कपाटात ठेवायचा. हे राहिलं तर तीच स्ट्रिप आठवड्याभरात परत डब्यात येते.

या भेटींत काय सापडतं त्याचा एक नमुना. डिस्चार्जच्या कागदावर शुगरची गोळी, ग्लायकोमेट जीपी १. म्हणजे मेटफॉर्मिन ५०० आणि ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, एकत्र. महिन्याभराने दुकानात ती नव्हती, दुकानदाराने तेच घटक असलेली दुसऱ्या कंपनीची गोळी दिली. जुन्या स्ट्रिपमध्ये सहा गोळ्या शिल्लक. नवी स्ट्रिपही डब्यात, जुनीही डब्यात. अटेंडंट सांगते, "मी तर दोन्ही देऊन राहिली ना, दोन नावं होती." पहाटे आजोबांची शुगर उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात, आणि घरचे म्हणतात उन्हाचा त्रास झाला. असं औषध यादीत ब्रँडच्या नावाने दोनदा बसलं तर कुठलंही सॉफ्टवेअर गप्प राहील. घटकाच्या नावाने बसलं तर लगेच ओरडेल.

सॉफ्टवेअर निवडताना पहिली कसोटी हीच. औषधाची नोंद घटक, ताकद आणि रूप अशी होते की नुसता ब्रँड टाइप करून भागतं? टेल्मा ४०, टेल्मा एच आणि टेल्मा एएम ही तीन वेगळी औषधं आहेत. नावाचा पहिला भाग जुळवून डेटा नेणाऱ्या प्रोग्रामला ती एकच वाटतात. आपल्याकडे यासाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतल्या राष्ट्रीय केंद्राने भारतीय औषधांचे सामायिक कोड तयार केलेले आहेत, आणि ते स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीवर बसतात. भारत २०१४पासून स्नोमेडचा सदस्य असल्यामुळे देशात वापरायला त्याचं शुल्क पडत नाही. विक्रेत्याला विचारा, तुमची औषधांची मूळ यादी कुठून आली आणि ती कोण अद्ययावत करतं. "आमच्या टीमने बनवली" असं उत्तर आलं तर पुढचे प्रश्न जास्त बारकाईने विचारा.

फाइलमधून जे न्याल त्यातही सापळे आहेत. सगळ्यात वाईट सापळा एक्सेलचा. आपण डोस लिहितो १-०-१, १-१-१. जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलेली सीएसव्ही फाइल कुणी डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की १-१-१ची होते १ जानेवारी २००१ आणि १-१-०ची होते १ जानेवारी २०००. १-०-१ तसंच राहतं, कारण शून्य नावाचा दिवस किंवा महिना नसतो. त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला फाइल ठीक वाटते आणि १-१-१, १-१-० अशी औषधं तेवढी बिघडलेली असतात. बंद झालेल्या औषधांचा इतिहास नेत असाल तरी ती फाइल डबल क्लिकने उघडू नका. एक्सेलच्या डेटा मेनूतून आयात करा आणि डोसचा रकाना 'टेक्स्ट' ठेवा. दुसरा सापळा फाँटचा. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या मराठी नोंदी बऱ्याचदा कृतीदेव किंवा शिवाजी फाँटमध्ये असतात. त्या युनिकोडमध्ये न बदलता नेल्या की "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी" या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. अ‍ॅलर्जीचा रकाना म्हणूनच माणसाने ओळ न् ओळ वाचून तपासायचा. तिसरा सापळा तारखेचा. परदेशी सॉफ्टवेअरला महिना आधी आणि दिवस नंतर लागतो. ५ जूनची तारीख ६ मे होऊन बसते, आणि १३ तारखेपासूनच्या नोंदी नाकारल्या जातात. नाकारलेल्या नोंदी दिसतात तरी, उलटलेल्या दिसतही नाहीत.

याच जातीची एक गंमत वेळेची. काही क्लाउड सॉफ्टवेअर आतमध्ये सगळ्या वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात, जी आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते. स्क्रीनवर ठीक दिसतं, पण रोजचा अहवाल यूटीसीच्या दिवसाने कापला तर पहाटे ५ वाजता रिकाम्या पोटी दिलेली थायरॉइडची गोळी आदल्या दिवसात जाते. मग एका दिवशी दोन डोस आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी शून्य. डेमोच्या वेळी पहाटे ५ची एक आणि रात्री १२ची एक नोंद करायला लावा आणि अहवाल काढून मागा.

डेमोबद्दल एवढंच सांगते की विक्रेत्याचा नमुना रुग्ण बघू नका. त्याला पॅरासिटामॉल दिवसातून दोनदा चालू असते. आपल्या रुग्णांतली अवघड प्रिस्क्रिप्शन्स नावं काढून घेऊन जा आणि समोर बसून चढवायला सांगा. अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी एक दिवस २ आणि एक दिवस १ मिलिग्रॅम, आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आल्यावर बदलणारी. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. ही चुकून रोज दिली तर जिवावर बेतते, म्हणून अ‍ॅपने रोजचा पर्याय उघडूच देऊ नये. प्रेडनिसोलोन दर पाच दिवसांनी उतरत जाणारी. व्हिटॅमिन डी ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी. फेंटॅनिल या तीव्र वेदनाशामकाचा पॅच दर ७२ तासांनी, आणि नवा लावण्याआधी जुना काढल्याची वेगळी नोंद. सिकल सेलच्या रुग्णाची हायड्रॉक्सियुरिया, जी वजनावर ठरते आणि रक्ताच्या तपासणीवर कमीजास्त होते. विदर्भात हा आजार भरपूर असल्यामुळे असे रुग्ण तुमच्याकडे असणारच. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) असलेला रुग्ण आणि त्याला लिहून दिलेली एसआर, म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी, जी कुटून द्यायची नसते. ज्या सॉफ्टवेअरला यातलं निम्मंही 'शेरा' या रकान्यात हाताने लिहावं लागतं, त्याला औषधव्यवस्थापन येत नाही. तो रकाना कुणी वाचत नाही.

इन्सुलिनचं वेगळं बघा. आपल्याकडे वायलमधलं इन्सुलिन अजूनही मोठ्या प्रमाणावर ४० युनिट प्रति मिलीचं मिळतं आणि पेनमधलं १०० युनिट प्रति मिलीचं. सिरिंजही दोन प्रकारच्या, ४०साठी लाल टोपणाची आणि १००साठी केशरी. १००चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत भरलं तर रुग्णाला जातात ५० युनिट. उलटं केलं तर जातात फक्त ८. बाहेर बनलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ४० हा पर्यायच बऱ्याचदा नसतो, कारण तिकडे १००च चालतं. स्क्रीनवर 'इन्सुलिन २० युनिट' एवढंच येत असेल तर ते अपुरं आहे; '४०ची वायल, लाल सिरिंज' हे त्याच ओळीत दिसलं पाहिजे. आणि 'युनिट' शब्द पूर्ण लिहा, एकट्या 'U' या इंग्रजी अक्षराचं शून्य वाचलं जातं. त्यातच नागपूरचा मे. पारा ४५च्या आसपास, दुपारी लाइट गेलेली. उघडलेली वायल खोलीच्या तापमानाला ठेवा हा सल्ला जिथे खोली ३० अंशांच्या खाली असते तिथला. आपल्याकडे उन्हाळ्यात ती फ्रिजमध्येच हवी, फ्रीझरजवळ नको. अ‍ॅपमध्ये 'उघडल्याची तारीख' हा रकाना मागून घ्या. बहुतेक इन्सुलिनना उघडल्यापासून २८ दिवस असतात.

आता पहिला प्रश्न, कुणाचं घ्यावं. इंटरनेटवर जी नावाजलेली उत्पादनं दिसतात ती अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या एजन्सींसाठी घडलेली आहेत. अमेरिकेतल्या उत्पादनांचा मोठा भाग कर्मचारी घरी खरोखर गेला की नाही हे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सिद्ध करण्यात खर्च झालेला असतो, कारण तिथल्या २०१६च्या कायद्याने मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेच्या पैशांसाठी ते बंधनकारक केलं. ब्रिटनमध्ये फार्मसी औषधं रुग्णाच्या नावाचं लेबल लावून घरी देते आणि त्यांचा चार्ट त्या लेबलवर चालतो. आपल्याकडे औषध मुलगा किंवा सून कोपऱ्यावरच्या दुकानातून आणते आणि दर महिन्याला ब्रँड बदलू शकतो. ही एक गोष्ट ज्याच्या रचनेतच नाही, ते कितीही चकचकीत असलं तरी इथे अडखळतं. म्हणून तुमच्या सध्याच्या कंपनीची नवी आवृत्ती वरच्या प्रिस्क्रिप्शन्सच्या कसोटीला उतरत असेल तर तीच घ्या. मुलींना स्क्रीनची सवय आहे आणि बिलाचा भाग हलवावा लागत नाही. उतरत नसेल तर जुन्या ओळखीखातर घेऊ नका.

घरात चालायचं असेल तर अ‍ॅप नेटशिवाय चाललंच पाहिजे. कामठीच्या आतल्या गल्लीत किंवा अपार्टमेंटच्या तळमजल्यावर रेंज नसते आणि अटेंडंटचा फोन साधा असतो. नेट नसताना केलेली नोंद नंतर वर जाते हे सगळेच सांगतात. विचारायचं ते हे: डे ड्यूटीवालीचा फोन रात्री ८ला ऑफलाइन होता, तर नाइटवालीला रात्रीची गोळी 'बाकी' दिसणार का? दिसणार असेल तर हँडओव्हरला डबल डोसचा धोका आहे, आणि त्यावर एकच इलाज, ड्यूटी बदलताना दोघींनी एकच स्क्रीन बघून सही करणे. अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल, झोल्पिडेमसारख्या एच-वन या कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतल्या गोळ्या त्याच वेळी मोजून आकडा टाकायचा. २०१४पासून या औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला ठेवावी लागते, घरातल्या गोळ्यांचा हिशेब मात्र कुणीच ठेवत नाही, आणि संशय आला की पहिलं बोट अटेंडंटकडे जातं. मोजदाद तिच्याच संरक्षणासाठी आहे हे तिला सांगा, ती मनापासून करेल.

गोळी दिली नाही तर का, याचे पर्यायही आपल्या घरांतले हवेत. 'नाकारली', 'उलटी झाली', 'औषध संपलं', 'डॉक्टरांनी थांबवली' हे मिळतात. 'घरच्यांनी दिली' हा मिळत नाही, आणि तोच रोज लागतो. तसाच 'उपास'. एकादशीला आजी काही खात नाहीत, शुगरची गोळी मात्र अ‍ॅपने वाजवली म्हणून दिली जाते. 'उपास' दाबल्यावर सुपरवायझरला फोन गेला पाहिजे.

सूचनांचा गोंगाट कमी ठेवा. औषधांच्या आपसातल्या प्रतिक्रियांची पूर्ण यादी चालू केली तर वयस्क रुग्णाच्या जवळजवळ प्रत्येक गोळीला लाल खूण येते आणि चौथ्या दिवसापासून मुली न वाचता 'ओके' दाबतात. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं, मेथोट्रेक्झेट, डिगॉक्सिन, पोटॅशियम, अफूवर्गीय वेदनाशामकं, एवढ्यांवर थांबवणारी सूचना ठेवा. बाकीचं सुपरवायझरच्या स्क्रीनवर. एसओएस म्हणजे लागेल तेव्हाच द्यायच्या औषधांत पॅरासिटामॉलची दिवसभराची बेरीज मात्र हवीच, कारण डोलो ६५० वेगळी आणि अल्ट्रासेटमधलं पॅरासिटामॉल वेगळं, असं कुणी जोडत नाही.

मधल्या काळाबद्दल. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जसं महिनाभर जुनं-नवं दोन्ही चालवतात तसं इथे करू नका. एका घरात एकाच वेळी दोन चार्ट असले की दिवसाची सिस्टर अ‍ॅपमध्ये नोंदवते, रात्रीची अटेंडंट कोरा कागद बघते आणि परत देते. एक घर एकतर पूर्ण कागदावर किंवा पूर्ण अ‍ॅपवर. भागवार जा. आधी मनीषनगरची दहा-बारा घरं, दोन आठवडे, मग पुढचा भाग. इन्सुलिन आणि रायल्सचे रुग्ण शेवटी. ज्या दिवशी घर अ‍ॅपवर गेलं त्या दिवशी कागदी चार्ट तिथून उचलून ऑफिसात आणायचा. अ‍ॅप बंद पडल्यास वापरायला त्या दिवसाच्या यादीची छापील प्रत सीलबंद पाकिटात घरी ठेवा आणि औषध बदललं की पाकीट बदला. आठवडाही बघून निवडा. पोळा-मारबत, महालक्ष्म्या, दसऱ्याला दीक्षाभूमीचा सोहळा, दिवाळी, या दिवसांत भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या मुली गावी जातात आणि बदली स्टाफवर नवं अ‍ॅप सोपवणं योग्य नाही. मे महिना मी टाळते. जुलै किंवा जानेवारी बरा.

पहिल्या महिन्यात एकच अहवाल रोज बघा: दिल्याची वेळ आणि नोंदवल्याची वेळ यातला फरक. संध्याकाळी ७.५५ला आठही गोळ्यांवर एकदम टिक असेल तर ती मुलगी आळशी आहे असं धरू नका, बहुधा फोन घरच्यांनी बाजूला ठेवायला लावला आहे किंवा चार्जर नाही. जाऊन विचारा. दंड लावलात तर वेळा खोट्या भरल्या जातील आणि अहवालच कामातून जाईल.

कायद्याचं थोडक्यात. इंजेक्शन आणि इन्सुलिन फक्त जीएनएम-एएनएम, म्हणजे प्रशिक्षित नर्सच्या लॉगिनला दिसू द्या, अटेंडंटच्या लॉगिनला नको. एजन्सीने औषधं आणून बिलात लावणं हा विक्रीचा व्यवहार आहे, त्याला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. सॉफ्टवेअरमध्ये 'स्टॉक' नावाची सोय आहे म्हणून ती चालू करू नका. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार्टचे फोटो टाकणं अ‍ॅप आलं त्या दिवसापासून बंद करा, आणि रुग्णाची किंवा कुटुंबाची संमती याच घरभेटीत मराठीतून घ्या.

करारात दोन वाक्यं लिहून घ्या: सोडून जाताना सगळ्या नोंदी, कोणी कधी काय बदललं यासकट, वापरता येईल अशा स्वरूपात विनाशुल्क मिळतील, आणि रात्री १०नंतर माणूस फोन उचलेल. दुसऱ्याची खात्री सही करण्याआधी एका रात्री ११ला फोन लावून करा. जुन्या आवृत्तीतल्या नोंदींच्या पीडीएफ प्रती या आठवड्यातच काढायला घ्या. डॉक्टरांवर वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमावलीने आंतररुग्णांच्या नोंदी ३ वर्षं ठेवण्याचं बंधन आहे, एजन्सीनेही निदान तेवढा काळ धरावा. सपोर्ट संपल्यावर तो जुना कॉम्प्युटर बिघडला तर त्या नोंदी काढून द्यायला कुणी येणार नाही.